यादीतला पहिला नियम

२०२० च्या मार्चअखेरीस वरळी कोळीवाड्यात करोनाचे रुग्ण आढळले आणि लगोलग पोलीस व महापालिकेने सगळा कोळीवाडा बंद केला. मुंबईतल्या अगदी सुरुवातीच्या प्रतिबंधित क्षेत्रांपैकी हे एक. वरळीच्या टोकाला, किल्ल्यालगत, समुद्राने वेढलेली ही वस्ती. जमिनीवरून आत यायच्या वाटा मोजक्या, त्यांवर बॅरिकेड लागली. तिथे माणूस सोडायचा की नाही, हे मुख्यतः दोन गोष्टींवरून ठरत होते: आला कुठून आणि निघाला कुठे. आतला बाहेर नाही, बाहेरचा आत नाही. अपवाद डॉक्टरांचा, पालिकेच्या कर्मचाऱ्यांचा, जीवनावश्यक वस्तूंचा.

या प्रकरणात आपल्याला हाच निर्णय पाहायचा आहे, फक्त माणसांऐवजी संगणकांच्या जाळ्यातल्या पॅकेटांबाबत, म्हणजे संगणक एकमेकांना पाठवतात त्या माहितीच्या छोट्या तुकड्यांबाबत. तो घेणारे यंत्र म्हणजे स्विच आणि त्याला लिहून दिलेले नियम म्हणजे ॲक्सेस लिस्ट. या कामातली माणसे तिला एसीएल म्हणतात. बॅरिकेडवरचा शिपाई समोरच्याचे ऐकून घेऊ शकतो, वरिष्ठांना फोन लावू शकतो, दवाखान्यात निघालेल्या गरोदर बाईसाठी दोर खाली करू शकतो. स्विचला यातले काहीच येत नाही. तो सेकंदाला लाखो पॅकेटे तपासतो आणि प्रत्येकाला यादीत जे लिहिले असेल तेच लावतो. म्हणून जी काही समज दाखवायची, ती यादी लिहिणाऱ्यानेच आधी दाखवावी लागते. माझे ठाम मत आहे की यादी लिहिण्याचे निम्म्याहून जास्त काम कीबोर्डला हात लावण्याआधी संपलेले असले पाहिजे. ते काम म्हणजे विचारपूस: या जागेत कोणाला कोणाशी खरोखर बोलावे लागते?

आधी यंत्राची ओळख करून घेऊ. कार्यालयाच्या कोपऱ्यात, छताजवळच्या लोखंडी कपाटात लुकलुकणारा, चोवीस किंवा अठ्ठेचाळीस केबली खोचलेला चपटा डबा म्हणजे स्विच. १९९० पूर्वी तो नव्हता. तेव्हा इथरनेटच्या जाळ्यात सगळे संगणक एकाच सामायिक तारेवर किंवा हबवर असत आणि एकाने पाठवलेले सगळ्यांपर्यंत जाई. १९९० मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका छोट्या कंपनीने सात पोर्टचा इथरस्विच बाजारात आणला. कंपनीचे नाव होते कल्पना. भारतीय वंशाचे विनोद भारद्वाज आणि त्यांचे भागीदार लॅरी ब्लेअर यांनी तिला भारद्वाज यांच्या पत्नीचे नाव दिले होते. १९९४ मध्ये सिस्कोने कल्पना विकत घेतली आणि आज जगभरच्या कार्यालयांत जे स्विच चालतात त्यांच्या घराण्यातला एक मोठा धागा तिथून आलेला आहे.

स्विचचे मूळ काम अडवणे नाही, पोहोचवणे आहे. प्रत्येक नेटवर्क कार्डाला ४८ बिटांचा मॅक ॲड्रेस असतो. त्याचा पहिला अर्धा भाग साधारणपणे बनवणाऱ्या कंपनीला नेमून दिलेला असतो. कोणत्या केबलीच्या टोकाला कोणता मॅक ॲड्रेस आहे हे स्विच येणाऱ्या पॅकेटांवरून आपोआप शिकतो आणि पुढचे पॅकेट नेमके त्याच टोकाला धाडतो. ज्याचा पत्ता अजून शिकलेला नाही, त्याचे पॅकेट सगळीकडे पाठवतो. म्हणजे कोरा स्विच कोणालाच नाही म्हणत नाही. बाजारातून आणून जोडलेला स्विच हिशोबाच्या संगणकाला, कॅमेऱ्याला आणि पाहुण्याच्या मोबाइलला एकमेकांशी बोलू देतो, कारण त्याला बोलू देण्यासाठीच बनवलेले आहे.

अडवण्यासाठी त्याला पॅकेटाच्या आत थोडे डोकावावे लागते, आणि किती थोडे ते पाहण्यासारखे आहे. इंटरनेटवर आजही चालणाऱ्या चौथ्या आवृत्तीच्या आयपी पॅकेटाची रचना १९८१ मध्ये ठरली. त्याचे डोके किमान २० बाइटांचे. त्यातला दहावा बाइट आत काय आहे ते सांगतो: ६ म्हणजे टीसीपी, १७ म्हणजे यूडीपी, १ म्हणजे आयसीएमपी, पिंगसारखे निरोप. तेरा ते सोळा या चार बाइटांत पाठवणाऱ्याचा पत्ता, सतरा ते वीस या चारांत घेणाऱ्याचा. त्यानंतर टीसीपी किंवा यूडीपीच्या डोक्यातले पहिले चार बाइट पोर्ट क्रमांकांचे: दोन पाठवणाऱ्याचे, दोन घेणाऱ्याचे. हा पोर्ट क्रमांक म्हणजे केबल खोचायचे भोक नव्हे. संगणकावर चालणाऱ्या सेवेचा तो क्रमांक. सुरक्षित वेबसाइट ४४३ वर, नावावरून पत्ता शोधणारे डीएनएस ५३ वर, विंडोजमधली फाइल-देवघेव ४४५ वर. स्विचचा जवळजवळ सारा न्याय या तेरा बाइटांवर चालतो. आतला मजकूर, त्यामागचा माणूस, त्याचा हेतू यांतले त्याला काहीच दिसत नाही.

मग एवढ्या वेगात तो यादी वाचतो कशी? साधा संगणक वरून खाली एकेक ओळ वाचतो. चांगल्या स्विचमध्ये टीकॅम नावाची खास मेमरी असते. तिच्यात प्रत्येक बिटाची जागा तीन अवस्थांत राहू शकते: शून्य, एक, किंवा ‘काहीही चालेल’. पॅकेट आले की त्याचे पत्ते या मेमरीतल्या सगळ्या ओळींशी एकाच क्षणी ताडले जातात, आणि जुळलेल्या ओळींपैकी सगळ्यात वरची ओळ निवडली जाते. म्हणून दहा नियम असोत की पाचशे, वेग तोच राहतो. पण ही मेमरी महाग, जास्त वीज खाणारी आणि मोजकी असते. शिवाय तिला आकड्यांचे पल्ले समजत नाहीत, फक्त बिटांचे नमुने समजतात. ‘पोर्ट १ ते ६५५३४’ असा एक साधासा दिसणारा नियम तिच्यात तब्बल ३० ओळी खाऊ शकतो. काही स्विच पल्ल्यांसाठी वेगळी सोय ठेवतात, पण तीही मोजकीच. यादी लिहिताना काटकसर करायची ती या कारणाने.

आता प्रत्यक्ष यादी लिहू. समजा, वरळी कोळीवाड्यातल्या एका मच्छीमार सहकारी सोसायटीच्या कार्यालयात हे काम करायचे आहे. सोसायटी काल्पनिक आहे, पण तिच्या गरजा अशा कोणत्याही कार्यालयाच्या असतात. आत तीन संगणक: सभासदांचे हिशोब, बोटींच्या डिझेलची नोंद, परतावा मागायचे कागद. हिशोबाचा सर्व्हर एक. कॅमेरे सहा: दोन कार्यालयात, बाकीचे डिझेल आणि बर्फाच्या जागेवर. चित्रण साठवणारा रेकॉर्डर एक. आणि सभासदांसाठी वायफाय, कारण नाखवा हवामानाचा अंदाज आणि बाजारभाव मोबाइलवरच पाहतो.

हे सगळे एकाच स्विचवर असले तरी त्यांचे तीन कप्पे करता येतात. त्यांना व्हीलॅन म्हणतात. पॅकेटावर चार बाइटांची चिठ्ठी लावून स्विच एका कप्प्यातली वाहतूक दुसऱ्यात जाऊ देत नाही. ती न्यायची तर राउटिंग करणाऱ्या, म्हणजे कप्प्यांमधली वाट ठरवणाऱ्या भागातूनच न्यावी लागते. कार्यालयाला १९२.१६८.१० ने सुरू होणारे पत्ते देऊ, कॅमेऱ्यांना १९२.१६८.३० चे, सभासदांच्या वायफायला १९२.१६८.४० चे. हे पत्ते खासगी वापरासाठी राखून ठेवलेल्या पट्ट्यातले आहेत, घरोघरी तेच दिसतात. सर्व्हर १९२.१६८.१०.५ वर, रेकॉर्डर १९२.१६८.१०.८ वर.

सभासदांच्या वायफायचे काय करायचे? विचारपुशीत उत्तर सोपे येते: त्यांना इंटरनेट हवे, सोसायटीच्या आतले काहीही नको. म्हणजे दोनच नियम पुरतील असे वाटते. ‘१९२.१६८ ने सुरू होणाऱ्या कोणत्याही पत्त्याकडे जाणारे अडवा. बाकी सगळे सोडा.’ हे चढवले की पाच मिनिटांत तक्रार येते: वायफाय लागते, पण नेट चालत नाही. मोबाइलला वेबसाइटचा पत्ता विचारायचा असतो तो याच कप्प्याच्या दारावर, १९२.१६८.४०.१ ला, आणि तो पत्ताही १९२.१६८ नेच सुरू होतो. नव्याने आलेल्या मोबाइलला तर त्याआधीच अडचण. त्याला स्वतःचा पत्ताच अजून मिळालेला नसतो. तो ०.०.०.० या पत्त्यावरून, यूडीपीच्या ६८ क्रमांकावरून सगळ्यांना उद्देशून ६७ क्रमांकाला विचारतो की मला पत्ता द्या. आमच्या दोन नियमांत ही विनंती सुटते, कारण ती २५५.२५५.२५५.२५५ कडे जाते. पण ‘१९२.१६८.४० वरून आलेलेच सोडा’ असा कडक नियम कोणी लिहिला असेल, तर पत्ता नसलेला मोबाइल कायमचा बाहेर राहतो. पत्त्यावरून चालणाऱ्या यादीत ज्याला पत्ताच नाही त्याचाही विचार करावा लागतो, आणि तोच सर्वांत जास्त वेळा राहून जातो.

दुरुस्त यादी अशी होते:

१०: कोणाकडूनही, यूडीपी ६८ वरून ६७ कडे – सोडा.
२०: कोणाकडूनही १९२.१६८.४०.१ कडे, यूडीपी ५३ – सोडा.
३०: कोणाकडूनही १९२.१६८.४०.१ कडे, टीसीपी ५३ – सोडा.
४०: कोणाकडूनही १९२.१६८ च्या कोणत्याही पत्त्याकडे – अडवा.
५०: १९२.१६८.४० च्या पत्त्यांवरून कुठेही – सोडा.

चाळिसाव्या नियमाने आणखी एक काम झाले आहे. १९२.१६८.४०.१ हा पत्ता स्विचचा स्वतःचाच आहे, आणि स्विचची मांडणी बदलायचे पान त्याच पत्त्यावर उघडते. डीएनएस सोडून त्या पत्त्याकडे जाणारे बाकी सगळे इथे अडते. वायफायवर बसलेल्या एखाद्याने कुतूहलाने ते पान उघडायचा प्रयत्न केला, तर ते त्याला दिसणारही नाही.

क्रमाचे महत्त्व इथे कळते. पहिला जुळलेला नियम निर्णय देतो; त्याखालचे कोणी वाचत नाही. पन्नासावा नियम सगळ्यात वर गेला, तर चाळिसावा यादीत असूनही निर्जीव होतो. छापील कागदावर दोन्ही याद्यांत पाच ओळी त्याच असतात, तपासनिसाला ‘अडवा’ हा शब्दही सापडतो, आणि सोसायटीचा हिशोब उघडा पडलेला असतो. ब्रेंट चॅपमन यांनी १९९२ मध्ये पॅकेट गाळण्याच्या अडचणींवर जो निबंध लिहिला त्यातला एक मोठा मुद्दा हाच होता: नियम एकेकटे बरोबर असले तरी त्यांच्या क्रमातून भलतेच काही निष्पन्न होते. तो निबंध जुना झाला असे मला वाटत नाही. त्याच्या तीन वर्षे आधी जेफ्री मोगल यांनी युनिक्सच्या गेटवेवर असे नियम चालवणारा प्रोग्रॅम मांडला होता. तेव्हापासून यंत्रे हजारो पटींनी वेगवान झाली, पण वरून खाली वाचण्याची आणि पहिल्या जुळणीवर थांबण्याची रीत तशीच राहिली.

नियमांना १०, २०, ३० असे क्रमांक देण्याची पद्धत मधे जागा राहावी म्हणून आहे. उद्या सचिवांनी वायफायवरच्या लॅपटॉपवरून कार्यालयाच्या प्रिंटरवर पत्र छापायचे म्हटले, तर तो अपवाद ३५ क्रमांकावर बसतो. शेवटी जोडला तर चाळिसावा त्याला आधीच गिळतो.

यादी संपल्यावर काय? पन्नासाव्या नियमातही न बसलेले पॅकेट आले, तर बहुतेक मोठ्या कंपन्यांच्या स्विचवर ते टाकून दिले जाते. यादीच्या तळाशी ‘बाकी सगळे अडवा’ असा न लिहिलेला नियम असतो. पण सगळीकडे तसे नाही. काही कंपन्यांचे स्विच जे जुळले नाही ते सोडून देतात. एका कंपनीची यादी दुसऱ्या कंपनीच्या स्विचवर उतरवताना हा फरक नजरेतून सुटला, तर तीच यादी नेमके उलटे वागते. म्हणून शेवटचा नियम कायम स्वतःच्या हाताने लिहावा, यंत्रावर सोडू नये. लिहिलेल्या नियमाचा आणखी एक फायदा असा की त्यावर किती पॅकेटे अडली याचा आकडा दिसतो.

पत्त्यांचा गट लिहिण्याची रीतही यंत्रागणिक बदलते. काही ठिकाणी १९२.१६८.३०.०/२४ असे लिहितात, म्हणजे पहिले २४ बिट जुळले पाहिजेत. सिस्कोच्या जुन्या, आजही सर्रास दिसणाऱ्या रीतीत त्याच्या उलटा मुखवटा लिहितात: ०.०.०.२५५. जिथे शून्य तिथे जुळायलाच हवे, जिथे एक तिथे काहीही चालेल. सवयीने इथे २५५.२५५.२५५.० लिहिले गेले, तर स्विच चूक दाखवत नाही. तो पहिले तीन आकडे सोडून देतो आणि शेवटचा आकडा शून्य असलेले पत्ते शोधत बसतो. असा पत्ता सहसा कोणाला दिलेला नसतो, म्हणून तो नियम कधीच कोणाला लागत नाही. न ओरडणाऱ्या चुका या कामात फार, आणि ही त्यांतली अग्रगण्य.

कॅमेऱ्यांचा कप्पा जास्त विचार मागतो. त्यांना इंटरनेट कशाला हवे? सोसायटीच्या गरजेपुरते बोलायचे तर कशालाच नको. २०१६ मध्ये मिराई नावाच्या प्रोग्रॅमने जगभरचे कॅमेरे आणि रेकॉर्डर हाताशी धरले. त्याच्याजवळ कारखान्यातून येणाऱ्या साठेक नाव-पासवर्डांच्या जोड्या होत्या आणि तो टेलनेट या दूरून यंत्रात शिरण्याच्या सेवेच्या २३ व २३२३ या क्रमांकांवर दारे ठोठावत जाई. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी अशा यंत्रांच्या गर्दीने डाइन या डीएनएस कंपनीवर धाड घातली आणि अमेरिकेत अनेक मोठ्या वेबसाइटी तासन्‌तास उघडेनात. दुकानावरचा, गोदामातला, बंदरावरचा कॅमेरा हा एक छोटा संगणक असतो आणि बसवल्यानंतर त्याच्याकडे वर्षानुवर्षे कोणी पाहत नाही. त्याला अडवणारे काही असेल तर ते त्याच्या बाहेरच असायला हवे.

रेकॉर्डर कॅमेऱ्याला टीसीपीच्या ५५४ क्रमांकावर चित्रण मागतो आणि कॅमेरा ५५४ वरून उत्तर देतो. आपली यादी कॅमेऱ्यांच्या कप्प्यातून येणाऱ्या पॅकेटांवर लागलेली आहे, म्हणजे तिला दिसतात ती उत्तरे. त्यामुळे नियम ‘५५४ कडे जाणारे सोडा’ असा लिहून चालत नाही. ‘५५४ वरून निघून १९२.१६८.१०.८ कडे जाणारे सोडा’ असा लिहावा लागतो. स्विचची साधी यादी संभाषण लक्षात ठेवत नाही. प्रश्न गेला होता म्हणून उत्तर येऊ द्यावे, एवढीही स्मृती तिला नसते; ती फायरवॉलला असते. टीसीपीपुरता एक आधार आहे: सुरुवातीचे पॅकेट सोडून पुढच्या प्रत्येक पॅकेटावर पोचपावतीचा एक बिट चढलेला असतो, आणि ‘हा बिट असेल तरच सोडा’ असे नियमात सांगता येते. कॅमेऱ्याच्या नियमात ही अट घातली की कॅमेरा रेकॉर्डरला उत्तर देऊ शकतो, पण आपणहून त्याच्याशी संभाषण सुरू करू शकत नाही. त्यासोबत घड्याळ जुळवण्यासाठी स्विचच्याच पत्त्यावर यूडीपी १२३ सोडायचा, कारण चित्रणावरची वेळ चुकली तर चोरीनंतर त्या चित्रणाचा पुरावा म्हणून उपयोग कमी होतो. बाकी सगळे अडवायचे.

इथवर आलेला वाचक म्हणेल की कार्यालय सुरक्षित झाले. अजून नाही, आणि ते का नाही हे समजायला मुंबई बंदराच्या खाडीपलीकडे न्हावा शेवाला जावे लागेल.

जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ मध्ये सुरू झाले आणि देशातल्या कंटेनर वाहतुकीचे ते मोठे दार आहे. तिथले एक टर्मिनल मर्स्क या जहाज कंपनीच्या समूहातली एपीएम टर्मिनल्स चालवते. २७ जून २०१७ रोजी या टर्मिनलची संगणक व्यवस्था बंद पडली. हल्ला न्हावा शेवावर झालेला नव्हता. युक्रेनमध्ये करांचे हिशोब ठेवणाऱ्या एमईडॉक नावाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून नॉटपेट्या हा घातक प्रोग्रॅम बाहेर पडला, मर्स्कच्या जाळ्यात शिरला आणि त्या जाळ्यातून देशोदेशीच्या बंदरांत पोहोचला. न्हावा शेवात कोणता कंटेनर कुठे आहे हे सांगणारी यंत्रणाच गेली. काम हाताने करायची वेळ आली, जहाजे बाजूच्या टर्मिनलकडे वळवावी लागली. पुढे मर्स्कच्या अध्यक्षांनी दावोसला सांगितले की ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक दहा दिवसांत नव्याने उभे करावे लागले. कंपनीने नुकसानीचा अंदाज २५ ते ३० कोटी डॉलर दिला.

नॉटपेट्या पसरला कसा, हे आपल्या विषयाच्या अगदी मर्माशी आहे. एका संगणकात शिरल्यावर तो शेजारच्या संगणकांकडे वळे. विंडोजमधल्या ज्या दोषाचा तो फायदा घेई त्याची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्येच दिली होती. पण दुरुस्त संगणकांतही तो शिरे, कारण आधीच्या संगणकाच्या मेमरीतून व्यवस्थापकांचे पासवर्ड चोरून तो त्यांच्याच नावाने पुढे जाई. या वाटा मुख्यतः पोर्ट क्रमांक ४४५ आणि १३५ यांवरून जात. आता आपल्या सोसायटीकडे पाहा. तीन संगणक एकाच कप्प्यात आहेत. एकावरून दुसऱ्याकडे जाणारे पॅकेट स्विचच्या राउटिंगच्या भागापर्यंत पोहोचतच नाही. ते एका केबलीतून येते आणि दुसरीतून जाते. आपण लिहिलेल्या याद्या कप्प्यांच्या दारावर लागलेल्या आहेत. कप्प्याच्या आत कोणी कोणाचे काय करते, ते त्यांना दिसत नाही.

त्यासाठी यादी थेट केबलीच्या भोकावर, म्हणजे स्विचच्या प्रत्येक पोर्टवर लावावी लागते. हिशोबाच्या संगणकाला फाइली हव्यात त्या सर्व्हरवरच्या. शेजारच्या टेबलावरच्या संगणकाची ४४५ ची सेवा त्याला लागत नाही. विचारपूस केली तर शंभरातल्या बहुतेक कार्यालयांत हेच उत्तर मिळेल. म्हणून नियम: ४४५ कडे जाणारे १९२.१६८.१०.५ पुरते सोडा, १९२.१६८.१० च्या इतर कोणत्याही पत्त्याच्या ४४५, १३९ आणि १३५ कडे जाणारे अडवा, बाकी सोडा. सर्व्हरच्या पोर्टवरही उलट बाजूचा नियम लावायचा: त्याची उत्तरे ४४५ वरून निघतात, तेव्हा ४४५ कडे जाणारे त्याच्याकडून काही निघायचे कारण नाही. सर्व्हर बाधित झाला तर निदान बाकीचे संगणक त्याच्यापासून वाचतात. सर्व्हर स्वतः या यादीने वाचत नाही, कारण त्याचे दार आपण मुद्दाम उघडे ठेवले आहे. त्याला दुरुस्त्या वेळेवर लागतात आणि साठवलेल्या प्रती जाळ्याबाहेर ठेवाव्या लागतात. यादी रोग बरा करत नाही, त्याची चाल थांबवते. मर्स्कच्या बाबतीत एवढे झाले असते तरी दहा दिवसांची ती झुंज बरीच छोटी झाली असती, असे मला वाटते.

आता पत्त्याच्या खरेपणाबद्दल. पॅकेटातला पाठवणाऱ्याचा पत्ता पाठवणाराच लिहितो. १९२.१६८.३० मधला कॅमेरा स्वतःला १९२.१६८.१०.५ म्हणवून घेऊ शकतो. त्याला अडवणारे आयपीच्या रचनेत काही नाही. म्हणून प्रत्येक कप्प्याच्या दारावर, आत येतानाच, त्या कप्प्याचा पत्ता नसलेले पॅकेट टाकून द्यावे. पॉल फर्ग्युसन आणि डॅनियल सेनी यांनी मे २००० मध्ये इंटरनेट कंपन्यांसाठी हीच शिस्त लेखी मांडली: आपल्या ग्राहकांकडून येणाऱ्या पॅकेटावर आपण त्यांना दिलेलाच पत्ता असला पाहिजे. छोट्या कार्यालयातल्या स्विचवर यापुढेही जाता येते. कोणत्या पोर्टवरच्या यंत्राला कोणता पत्ता वाटला गेला याची नोंद स्विच ठेवतो आणि त्या जोडीत न बसणारे पॅकेट सोडत नाही. एकट्या मॅक ॲड्रेसवर मात्र विसंबू नये. तो बदलणे एका आज्ञेचे काम आहे, आणि आजचे मोबाइल तर खासगीपणासाठी आपणहून बदलता मॅक ॲड्रेस वापरतात. मॅक ॲड्रेसची यादी करून सभासदांचे मोबाइल ओळखायचा बेत त्यामुळेच फसतो.

मॅक ॲड्रेसवरच्या यादीत आणखी एक खड्डा आहे. पॅकेट पाठवण्याआधी संगणक ‘हा आयपी पत्ता कोणाकडे आहे?’ असे कप्प्यात मोठ्याने विचारतो. या विचारण्याला एआरपी म्हणतात आणि ते आयपीचे पॅकेट नसते. आयपीच्या यादीला ते दिसत नाही, म्हणून सुटते. मॅकच्या यादीत मात्र शेवटी ‘बाकी सगळे अडवा’ म्हटले की एआरपीही अडते. जुनी नोंद लक्षात असेपर्यंत सगळे चालते, आणि काही मिनिटांनी एकेक यंत्र गप्प होत जाते. यादी चढवून घरी निघालेल्या माणसाला वाटेत फोन येतो तो याच कारणाने.

चढवण्याची रीत या सगळ्याइतकीच महत्त्वाची. दूरवरून काम करत असाल तर आपणच लिहिलेल्या नियमाने आपल्यालाच बाहेर ठेवण्याचा धोका असतो. म्हणून आधी मांडणी साठवून ठेवायची, दहा मिनिटांनी आपोआप पुन्हा सुरू होण्याची आज्ञा स्विचला द्यायची, मग यादी लावायची. सगळे नीट चालले तर ती आज्ञा रद्द करायची; आपण बाहेर पडलो असलो, तर दहा मिनिटांनी स्विच जुन्या मांडणीवर परततो. यादी लावायची वेळही लोकांना विचारून ठरवावी. बोटी लागतात आणि डिझेलची पावती फाडली जाते, ती वेळ नको.

आणि सहावी आवृत्ती. वर लिहिलेली प्रत्येक ओळ आयपीच्या चौथ्या आवृत्तीची आहे. आजचे विंडोज, अँड्रॉइड आणि पुष्कळसे कॅमेरे १२८ बिटांचे सहाव्या आवृत्तीचे पत्ते कोणी न सांगता वापरू लागतात. त्यांची यादी वेगळी लिहावी लागते. ती नसेल तर चौथ्या आवृत्तीत अडलेला तोच संगणक त्याच शेजाऱ्याकडे सहाव्या आवृत्तीतून जातो. यादी लिहिताना शेजाऱ्याला शोधण्याचे आयसीएमपीचे निरोप मात्र सोडावे लागतात. सहाव्या आवृत्तीत एआरपीचे काम तेच करतात.

यादी चढली की प्रत्येक नियमासमोरचा आकडा वाढू लागतो. हा आकडा अधूनमधून पाहावा. कॅमेऱ्यांच्या शेवटच्या ‘अडवा’ नियमावर अचानक हजारोंनी भर पडली, तर एखादा कॅमेरा बाहेर कोणालातरी हाका मारतो आहे. तो उतरवून पाहावा. ज्या नियमावर महिनोन्‌महिने शून्य आहे, तो काढण्याआधी तो कोणासाठी लिहिला होता ते शोधावे. चांगल्या स्विचवर नियमाशेजारी टिपण लिहिता येते. तिथे तारीख, कारण आणि मागणाऱ्याचे नाव नसेल तर तो नियम दोन वर्षांनी कोणालाच ओळखू येत नाही. हिशोब तपासनीस आपला लॅपटॉप घेऊन वर्षातून एकदाच सोसायटीत येतात आणि त्यांना सर्व्हरवरची एकच फाइल लागते. त्यांचा नियम वर्षातले बहुतेक दिवस शून्यावर असतो. त्याच्याशेजारी ‘लेखापरीक्षण, सर्व्हरपुरते, काम संपल्यावर बंद’ एवढे लिहिलेले असले, की पुढच्या वर्षी दुसरा माणूस आला तरी तो नियम कधी उघडायचा आणि कधी मिटायचा हे त्याला कोणाला विचारावे लागत नाही.